प्रशिक्षक जाणार म्हणे!

फुटबॉलचा हंगाम जवळ आला की आमच्या शहापूर-मुरबाडकडच्या पोरांना एक विकार जडतो, अशी इकडच्या शहाण्या मंडळींची तक्रार आहे. विकार असा, की एस.टी.च्या थांब्यावर, आसनगावच्या फलाटावर, चहाच्या टपरीवर ही पोरे डोक्याला डोकी लावून कुजबुजत असतात. ‘जाणार म्हणे!’ ‘छे रे, करार आहे ना?’ ‘करार गेला चुलीत! तिकडून बोलावणं आलंय.’ ऐकणाऱ्याला वाटावे, घरातला कर्ता माणूस परागंदा व्हायला निघाला आहे. चौकशी करावी तो कळते, जाणारा गृहस्थ म्हणजे मुंबई सिटी या फुटबॉल क्लबाचा प्रशिक्षक. माणूस परदेशचा. शहापूर त्याने पाहिलेले नाही, मुरबाड कुठे आहे ते त्याला सांगता यायचे नाही. आणि त्याच्यापायी इकडे यांच्या घशाखाली घास उतरत नाही!

यावर शहाणे हसतात. दिवाळीच्या फराळाला चार माणसे जमली की या हसण्याला आणखीच भरते येते. मी काही फुटबॉलचा पंडित नव्हे. पण हे हसणे मला साफ नामंजूर आहे, आणि का नामंजूर आहे ते आज चारचौघांत सांगून टाकणार आहे.

शहाण्यांचा पहिला आक्षेप असा : ‘तो संघ मुंबईचा. तुमचा कोण तो?’

मुंबई सिटी क्लब २०१४ साली निघाला. पहिल्या हंगामात तो नेरुळच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर खेळला, पुढे अंधेरीला गेला. आता आमच्याकडून अंधेरीला जायचे म्हणजे काय, हे शहाण्यांनी एकदा करून पाहावे. शहापूर गावाला स्वतःचे स्टेशन नाही. आसनगावला जायचे, लोकल धरायची, दादरला उतरून दुसऱ्या मार्गाची गाडी पकडायची. मुरबाडला तर रेल्वेच नाही. आधी एस.टी.ने कल्याण गाठायचे, मग पुढचे. सामना संध्याकाळी साडेसातला सुरू होणार, संपायला साडेनऊ वाजणार, आणि शेवटची कसारा गाडी चुकली तर रात्र फलाटावर काढायची. दिवसाची मजुरी आणि रात्रीची झोप अशी दोन्ही मोजून जो पोरगा निळा सदरा घालून तिथे ओरडायला जातो, त्याला ‘तुझा कोण तो संघ’ म्हणून विचारायचे? भातसा आणि तानसा आमच्या तालुक्यात. त्यांच्या पाण्याला मुंबईचे पाणी म्हणताना कोणाची जीभ अडखळत नाही. मग मुंबईच्या संघाला आम्ही आमचा म्हटले तर पोटात का दुखावे?

शिवाय हा नाद काही आभाळातून पडलेला नाही. सतरा वर्षांखालच्या मुलांची जागतिक स्पर्धा २०१७ साली भारतात भरली, तिचे काही सामने नेरुळला झाले. त्याआधी १५ सप्टेंबर २०१७ रोजी महाराष्ट्र सरकारनेच साऱ्या राज्यातल्या पोरांना फुटबॉल खेळायला मैदानात उतरवले, शाळाशाळांतून चेंडू वाटले. चेंडू तुम्ही दिलात, आणि पोराने तो मनावर घेतला म्हणून आता तुम्हीच नाक मुरडता!

दुसरा आक्षेप वरवर पाहता जरा वजनदार आहे. ‘मैदानात अकरा खेळाडू पळतात. बाहेर उभा राहून हातवारे करणाऱ्या एका माणसाने काय बिघडते?’

ज्यांनी शेती केली आहे त्यांना हे समजायला अवघड जाऊ नये. आमच्याकडे भाताचे पीक आवणीला ठरत नाही, ते राब भाजतानाच ठरते. उन्हात राब कसा भाजला, बियाणे कुठले धरले, रोप कधी टाकले, यावर पुढचे सगळे. फुटबॉलचा हंगाम तसाच. खेळाडू कोणते घ्यायचे, कोणाला कुठे उभे करायचे, चेंडू मागून पायापायांनी पुढे न्यायचा की लांब मारून धावायचे, हे सारे पहिल्या सामन्याआधीच्या आठवड्यांत ठरते, आणि ते ठरवतो प्रशिक्षक. भर राब भाजायच्या वेळी शेताचा धनी बदलणार अशी बातमी आली, तर गडीमाणसांनी काळजी करू नये काय?

आणि एका माणसाने काय होते हे पाहायचे तर आपल्याच देशाचा इतिहास आहे. हैदराबादेत सय्यद अब्दुल रहीम नावाचे एक शाळामास्तर होते. १९५० पासून भारतीय संघ त्यांच्या हाती होता. १९५१ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक आले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकात भारत चौथा आला. १९६२ साली जाकार्ताला, देहात कर्करोग घेऊन उभ्या असलेल्या या मास्तरांच्या पोरांनी अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला दोन विरुद्ध एक असे हरवून पुन्हा सुवर्ण आणले. जून १९६३ मध्ये रहीमसाहेब गेले. त्यानंतर आशियाई स्पर्धेतले फुटबॉलचे सुवर्णपदक भारताला आजवर पुन्हा मिळालेले नाही. खेळाडू पुढेही जन्मले, चेंडूही गोलच राहिला. एक मास्तर तेवढा नव्हता.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. शहाणे म्हणतात, ‘काळजी एक वेळ समजू. पण या वावड्या कशाला? या कंड्या पिकवतो कोण?’ हा प्रश्न मात्र रास्त आहे. फक्त तो चुकीच्या माणसाला विचारला जातो.

मुंबई सिटीचा हिशेब मांडू. पहिला प्रशिक्षक पीटर रीड. मग अनेल्का, तो खेळाडूही आणि प्रशिक्षकही. मग गिमारायस, मग पोर्तुगालचे होर्हे कोस्टा. २०२० च्या ऑक्टोबरात स्पेनचे सर्जिओ लोबेरा आले. त्यांना त्याच वर्षीच्या जानेवारीअखेर गोव्याच्या क्लबाने काढले होते, तेही संघ गुणांत सगळ्यांच्या वर असताना! तेव्हापासून ते मुंबईला येणार ही आवई सगळा उन्हाळा आणि सगळा पावसाळा फिरत होती. अखेर ते आले. त्यांच्या हाताखाली संघाने साखळीही जिंकली आणि १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्याला, बिपिन सिंगच्या अगदी शेवटच्या मिनिटाच्या गोलाने, मोहनबागानला हरवून चषकही जिंकला. एका हंगामात दोन्ही!

आणि पुढे? साथीमुळे त्या वर्षीचे सगळे सामने गोव्यात, रिकाम्या प्रेक्षागारांसमोर झाले होते. अंधेरीच्या मैदानावर आपल्या विजेत्या प्रशिक्षकाला एकदा तरी डोळे भरून पाहू, या आशेवर पोरे थांबली होती. ८ ऑक्टोबर २०२१ रोजी, नवा हंगाम सहा आठवड्यांवर आला असताना, जाहीर झाले की लोबेरा गेले. कुठे? तर मालकांच्याच चीनमधल्या दुसऱ्या एका क्लबाकडे. एका वावरातला बैल सोडून दुसऱ्या वावरात जुंपावा तसे! नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टरच्या सिटी फुटबॉल ग्रुपने या क्लबाचा ६५ टक्के हिस्सा घेतला होता, आणि अशा मंडळींचे क्लब देशोदेशी असतात. ज्याने दोन्ही विजेतेपदे मिळवून दिली, त्याला मुंबईच्या एकाही माणसाने मुंबईच्या मैदानावर आपल्या संघासाठी उभा पाहिला नाही.

त्यांच्या जागी डेस बकिंगहॅम आले. त्यांनी एप्रिल २०२२ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या हवाई दलाच्या संघाला हरवले. त्या स्पर्धेत सामना जिंकणारा हा पहिला भारतीय क्लब. पुढल्या हंगामात साखळीही जिंकली. आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये, ऐन हंगामात, ते आपल्या जन्मगावच्या ऑक्सफर्डच्या क्लबाकडे निघून गेले. त्यांना मी दोष देत नाही. आपल्या गावचे बोलावणे आले तर कोण थांबतो? मग पीटर क्रात्की आले. मोहनबागानशी शेवटचा सामना हरून संघाने साखळी गमावली, पण ४ मे २०२४ रोजी त्याच मोहनबागानला त्याच्याच कोलकात्यात तीन विरुद्ध एक असे हरवून चषक आणला. म्हणजे दहा वर्षांत सात प्रशिक्षक. ज्या घराचा कर्ता दहा वर्षांत सहा वेळा बदलला, त्या घरातली माणसे दाराची कडी वाजली की दचकणार नाहीत तर काय करतील?

माझा पुतण्या भिवंडीला गोदामात कामाला जातो. त्याला मी एकदा म्हटले, “अरे, खरे काय ते कळेपर्यंत गप्प बसावे माणसाने.”

तो म्हणाला, “काका, बसू की! पण कळवतं कोण? तिकीट घ्यायची वेळ आली की आम्ही क्लबाचा कणा. प्रशिक्षक बदलायची वेळ आली की आम्ही कोण? तुम्हीच सांगा, ज्याला कोणी सांगत नाही त्यानं अंदाज तरी करू नये का?”

या पोराने लाखाची गोष्ट सांगितली. घरधनी मुका झाला की आवई बोलू लागते. कंडी पिकवतो तो बोलणारा नव्हे. तोंड मिटून बसणारा ती पिकवतो. २०२५ साली तर या मौनाने कळसच गाठला. ११ जुलै रोजी लीगच्या चालकांनी क्लबांना कळवले की हंगाम तूर्त थांबवला आहे. कारण काय, तर फुटबॉल महासंघाशी २०१० साली झालेला त्यांचा करार ८ डिसेंबरला संपत होता, आणि पुढचे काहीच ठरले नव्हते. करार कधी संपणार हे पंधरा वर्षे आधी माहीत होते! तरी खेळाडू लटकले, काही क्लबांनी पगार थांबवले. एरवी सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होणाऱ्या हंगामाला १४ फेब्रुवारी २०२६ ही तारीख मिळाली. त्याआधी, डिसेंबर २०२५ मध्ये, मँचेस्टरचे मालकही मुंबईचा हिस्सा सोडून गेले. प्रशिक्षक राहतो की जातो एवढीच ज्यांची धास्ती असायची, त्यांना त्या वर्षी मालक, हंगाम आणि लीग या तिन्हींची धास्ती एकदम घ्यावी लागली. याला पोरांचा विकार म्हणायचे की मोठ्यांचा बेजबाबदारपणा?

आता शहाण्यांचा शेवटचा आणि लाडका आक्षेप. ‘काळजीच करायची तर पाण्याची करा. धरण उशाला आणि उन्हाळ्यात गावाला टँकर. मुरबाडची रेल्वे पिढ्यान्‌पिढ्या येतेच आहे, तिची करा. प्रशिक्षकाची कसली करता?’

वाटते मोठे बिनतोड. पण जरा उलटून पाहा. आमच्या दोन्ही तालुक्यांचे दुखणे नेमके हेच आहे की आमच्याविषयीचे निर्णय लांब कुठेतरी होतात, आणि आमच्यापर्यंत पोचते ती फक्त ‘म्हणे’. पाणी मिळणार म्हणे. रेल्वे येणार म्हणे. या ‘म्हणे’ची आमच्या वडीलधाऱ्यांना इतकी सवय जडली की त्यांनी विचारणेच सोडून दिले. ही पोरे निदान विचारत आहेत. ‘कोण ठरवतो? कधी ठरले? आम्हाला का नाही सांगितले?’ हे तीन प्रश्न जो आज क्लबाला विचारायला शिकला, तोच उद्या ते ग्रामसभेत उभा राहून विचारील. काळजीची शिदोरी एकाने खाल्ली म्हणून दुसऱ्याला कमी पडत नाही. उलट ज्याला कशाचीच काळजी नाही, त्याने पाण्यासाठी अर्ज लिहिल्याचे मी अजून पाहिलेले नाही.

पोरांनाही दोन शब्द सांगतो, नाहीतर त्यांना वाटायचे, काकांनी सगळेच माफ केले. ऐकीव ते ऐकीव म्हणूनच सांगा. ‘म्हणे’ गाळून पुढे ढकललेली बातमी ही थाप होते. आणि नवा माणूस आला तर पहिला सामना व्हायच्या आत त्याला शिव्या घालू नका. अ‍ॅलेक्स फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६ मध्ये मँचेस्टर युनायटेडला आले आणि पहिला चषक मिळाला तो मे १९९० मध्ये. मधल्या काळात त्यांना घालवा म्हणून प्रेक्षकांनी फलक फडकवले. पुढे तेच गृहस्थ २०१३ पर्यंत तिथे राहिले आणि ते मैदान त्यांच्या नावाने दुमदुमले. लोबेरा गेले तेव्हाही ‘आता संपले सगळे’ अशी हाकाटी झालीच होती. त्या हंगामात संघ पाचवा आला खरा, पण आशियातला तो विजय त्यानंतरचाच.

राहता राहिले क्लबांचे मालक. जर्मनीत बहुतेक क्लबांत बहुसंख्य मते सभासदांच्या हाती ठेवण्याचा नियम आहे. वार्षिक सभेत उभे राहून तिथला सामान्य माणूस कारभाऱ्यांना जाब विचारतो. आमच्याकडे एवढे सगळे आज होणार नाही, हे मला समजते. म्हणून मागणे अगदी साधे आहे. हंगामाआधी एक दिवस ठरवा आणि सांगा, मराठीतही सांगा, की प्रशिक्षक कोण, त्याचा करार कुठवर, तो जाणार असेल तर का. हंगाम संपल्यावर प्रेक्षकांची एक सभा घ्या. ‘वेस्ट ब्लॉक ब्लूज’ म्हणून जी मंडळी तुमच्यासाठी ढोल बडवतात त्यांना बोलवा, आणि लांबच्या तालुक्यांतल्यांनाही बोलवा. आणि वर्षातून अर्धा दिवस तुमचा तो प्रशिक्षक आमच्या एखाद्या आश्रमशाळेच्या मैदानावर पाठवा. त्याला शहापूर कळेल, मुरबाड कळेल, आणि ज्यांची झोप त्याच्यापायी उडते त्यांची तोंडे एकदा तरी तो पाहील.

एवढे करा, निम्म्या वावड्या आपोआप खाली येतील. उरलेल्या निम्म्या येणार नाहीत; माणूस जिथे जीव लावतो तिथे थोडा धसका राहायचाच. पण तोवर शहाण्यांनी एक पथ्य पाळावे. ज्याला काळजी वाटते त्याला आधी उत्तर द्यावे. हसायचे ते मागाहून पाहता येईल.