दाव्याच्या टोकाला



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. शेजारच्या वाडीतले एक शेतकरी संध्याकाळी धारा आटोपून माझ्या ओसरीवर आले. त्यांचा मुलगा शहरात वसतिगृहावर राहून शिकतो. त्याने थोरल्या बहिणीला फोनवर चार ओळी इंग्रजीत लिहून पाठवल्या होत्या. शेवटची ओळ होती, 'आय ॲम ॲट द एंड ऑफ माय टेदर.' बहिणीने शब्दकोश काढला. टेदर म्हणजे जनावर बांधायचे दावे. 'मी माझ्या दाव्याच्या टोकाला आलो आहे,' असा अर्थ लागला आणि घरात हशा पिकला.

"मास्तर, पोरगं शिकायला गेलंय का गुरं राखायला?" त्यांनी हसत विचारले.

मला हसू आले नाही. मी म्हटले, "उद्या पहिल्या एस. टी.नं पोराकडं जा."

का, ते सांगतो. हिरवळीवर खुंटी ठोकून गाय लांब दाव्याने बांधली, की दावे पोचेल तेवढे गोल रान ती चरून काढते. ते संपले की मान ताणते. पुढचे हिरवे गवत दिसते, पण तोंड पोचत नाही. इंग्रजांनी हीच अवस्था माणसाला लावली. धीर संपला, बळ संपले, आता काय करावे सुचत नाही, असा त्या बोलण्याचा अर्थ. आपण म्हणतो, 'जीव मेटाकुटीला आला.' बहिणीने शब्दाचा अर्थ बरोबर काढला होता. बोलण्याचा अर्थ मात्र निसटला.

मंडळी, राग, भीती, आनंद, दुःख सांगणारी इंग्रजी बोलणी पुष्कळदा अशी गोठ्यातून आणि खुराड्यातून निघालेली आहेत. ती उमगायला तुम्हाला जड जाऊ नये. थोडी पाहू.

कोणी उतावीळ झाला, की इंग्रज म्हणतो, 'होल्ड युअर हॉर्सेस.' म्हणजे घोडे आवर. त्यांच्याकडे नांगराला आणि गाडीला घोडे असत. आपल्याकडे बैल, म्हणून आपण म्हणू, 'जरा कासरा आवर, दमानं घे.'

भांडणाआधी कोंबडा मानेची पिसे फुलवतो, हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. त्या पिसांना इंग्रजीत 'हॅकल्स' म्हणतात. एखाद्याचे हॅकल्स उभे राहिले म्हणजे त्याला राग आला, तो भांडणाच्या पवित्र्यात आला.

पिसे उपटलेल्या पक्ष्याची कातडी बारीक पुळ्यांनी भरलेली दिसते. त्यावरून 'गूजबम्प्स' हा शब्द आला. त्यांनी हंसाच्या जातीचा पाळीव पक्षी घेतला, आपण काटा घेतला. 'अंगावर काटा आला' म्हणजेच गूजबम्प्स. थंडीने येवो, भीतीने येवो की चांगले भजन ऐकून येवो.

'बैलाला लाल फडके दाखवणे' हेही इंग्रजीतले. मुद्दाम चीड आणणे असा अर्थ. पण यात एक गफलत आहे. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात, गुराच्या डोळ्यात दोनच. लाल रंग त्याला आपल्यासारखा दिसत नाही. स्पेनमधल्या झुंजीत बैल उसळतो तो फडके हलते म्हणून. बोलणे चुकीचे असले तरी भाषेत टिकून राहिले.

काही बोलणी देहावरची आहेत. तिथे जास्त जपावे लागते. 'कोल्ड फीट' म्हणजे पाय गार पडणे. हा काही आजार नव्हे. ठरलेल्या कामातून ऐन वेळी भीतीने मागे सरणे, म्हणजे आपले 'कच खाणे'. 'पोटात फुलपाखरे' म्हणजे परीक्षेआधीची, पहिल्यांदा व्यासपीठावर चढतानाची धाकधूक. आपला 'पोटात गोळा येणे' त्याहून भारी, त्यात भीतीच जास्त. 'लम्प इन द थ्रोट' म्हणजे घशात गाठ. मुलीची पाठवणी करताना आपला जो गळा दाटून येतो, तोच हा. डॉक्टरकडे जाऊ नका!

मुलांना हे शिकवताना एकच करा. शब्द सुटा करून त्याचा अर्थ लावण्याआधी विचारा, 'असे माणूस कधी म्हणेल? हसताना, रडताना, की घाबरल्यावर?' तुम्हाला इंग्रजी येत नसले तरी हा प्रश्न विचारता येतो. उत्तर सापडले, की मराठी बोलणे आपोआप ओठावर येते. उलट बाजूनेही तेच. 'पोटात कावळे ओरडतात' हे शब्दाला शब्द लावून इंग्रजीत सांगाल, तर ऐकणारा तुमच्या पोटाकडे बघत राहील. 'आय ॲम व्हेरी हंग्री' एवढे पुरते.

आता त्या मुलाचे सांगतो. वडील दुसऱ्या दिवशी पोचले. पोरगा दोन विषयांत नापास झाला होता. लाजेने कोणाला सांगितले नव्हते, आठवडाभर धड जेवलाही नव्हता. घरी मराठीत लिहायची हिंमत होईना, म्हणून परक्या भाषेच्या आडून लिहिले होते. बापाने मार्कांचे नाव काढले नाही. आठ दिवस घरी आणले, आईच्या हातचे खाऊ घातले, मग दोघांनी बसून राहिलेल्या विषयांचे ठरवले. पुढच्या परीक्षेत दोन्ही विषय सुटले.

परवा ते भेटले तेव्हा म्हणाले, "मास्तर, दाव्याच्या टोकाला आलेल्या जनावराला मारून काय होतंय? खुंटी उपटून दुसरीकडं ठोकावी लागते."

इंग्रजीच्या कोणत्याही पुस्तकात मला याहून चांगला अर्थ मिळाला नसता. तुमचे पोर लांब शिकत असेल, तर त्याने लिहिलेल्या ओळी पुन्हा एकदा वाचा. अर्थ लागला नाही तर हसण्यावारी नेऊ नका, विचारा.

बालमित्रांसाठी घरचा अभ्यास : 'तळपायाची आग मस्तकात जाणे' हे इंग्रजीत कसे सांगाल? आग आणि तळपाय दोन्ही बाजूला ठेवा, म्हणजे जमेल.