वजनकाट्याचे अर्धसत्य

सांप्रतच्या बैठ्या जीवनक्रमात वजन घटविणे हा घरोघरचा संकल्प झाला आहे. नववर्षाच्या आरंभी व्यायामशाळेचे शुल्क भरले जाते, ताटातील भात नाहीसा होतो, पहाटे कोमट पाण्यात मध-लिंबू मिसळले जाते. पंधरवड्यात काटा तीन किलो खाली आला की कृतार्थता वाटते. पुढे तो पूर्वपदावर आला की दोष आनुवंशिकतेला दिला जातो. वस्तुतः दोष असतो तो काट्यावरील आकडा म्हणजेच आरोग्य, या समजुतीचा.

या समजुतीला छेद देणारे एक बोलके उदाहरण आहे. पुण्याचे मधुमेह-संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मोजमापे छायाचित्रासह प्रसिद्ध केली. उंचीच्या तुलनेत वजन दर्शविणारा निर्देशांक दोघांचाही २२.३. शरीरातील मेद मात्र युडकिन यांचा ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचा २१.२ टक्के! काट्याच्या लेखी दोघे समान. शरीराच्या लेखी मात्र भिन्न. सडपातळ दिसणाऱ्या अनेक भारतीयांच्याही पोटात मेद साठलेला असतो आणि तोच मधुमेह व हृदयविकार यांना निमंत्रण देतो. म्हणूनच ‘वजन कमी, तेव्हा काळजी नाही’ हा भ्रम लठ्ठपणाइतकाच घातक ठरतो. पुरुषांच्या कंबरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला, तर काटा काहीही सांगो, सावध होणे इष्ट.

दुसरा गैरसमज उपासमारीचा. अन्न एकाएकी तोडल्यावर पहिल्या काही दिवसांत घटते ते मुख्यत्वे पाणी. उपासमार लांबली की मेदाबरोबर स्नायूही झिजतात. शरीराचा दैनंदिन ऊर्जाव्यय मंदावतो आणि आहार पूर्ववत होताच वजन परतते. मुदत ठेव मोडून घरखर्च भागवावा आणि काटकसर साधल्याचे समाधान मानावे, तसाच हा प्रकार. मधुमेहाच्या गोळ्या अथवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर वैद्यकीय सल्ल्याविना उपाशी राहणे जिवावर बेतू शकते. व्रताच्या उपासाविषयी ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण पुरेशी स्पष्ट आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, आणि शेंगदाण्याच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग तेलाचा. अशा खिचडीने वजन उतरण्याची अपेक्षा व्यर्थ होय.

भाताला खलनायक ठरविणेही तितकेच अनाठायी. एक ग्रॅम पिष्टातून सुमारे ४ कॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम तेला-तुपातून ९. भात वर्ज्य करून दुपारच्या चहासोबत मूठभर फरसाण खाणाऱ्याचा हिशेब येथेच चुकतो. घाम गाळल्याने उतरलेले वजन पाणी पिताच परत येते. पोटाच्या व्यायामाने पोटाचे स्नायू बळकट होतात. परंतु मेद कोठून खर्चावयाचा, हे शरीरच ठरविते.

मग करावे काय? उत्तर अनाकर्षक आहे, म्हणूनच जाहिरातीत दिसत नाही. डाळ, उसळ, दूध, भाज्या यांनी युक्त मोजका आहार, तेल-साखरेवर नियंत्रण, नित्य चालणे, स्नायूंना ताण देणारा व्यायाम आणि पुरेशी झोप. दिवसभर खुर्चीवर काम करणाऱ्याने दर तासाला उठून चार पावले टाकली, उद्वाहकाऐवजी जिना पत्करला, तरी आरंभ होतो. यातून महिन्याला एक-दोन किलो घटले, तरी ते टिकण्याची शक्यता अधिक.

पासबुकातील अखेरची शिल्लक पाहून कोणी व्यवहाराची पारख करीत नाही. त्यासाठी वरच्या नोंदी वाचाव्या लागतात. वजनकाटा केवळ शिल्लक सांगतो. नोंदी ताटात आणि दिनक्रमात असतात.