कार्लाइलचं भंगार आणि आपलं सॉफ्टवेअर

आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी मित्रमंडळींत "या वीकांताला कार्लाइलला चाललोय" असं म्हटलं की दोन प्रतिक्रिया येतात. पहिली, "ते कुठे आलं बुवा?" आणि कुठे आलं ते सांगितल्यावर दुसरी, "जुन्या गाड्या बघायला तीन तास ड्रायव्हिंग? त्यापेक्षा एखादी नवी लीजवर घे की!" या दुसऱ्या प्रतिक्रियेवर लिहायचं कित्येक दिवस मनात होतं. आज मुहूर्त लागला.

तर आधी ते कुठे आलं ते. पेनसिल्व्हेनियात हॅरिसबर्गच्या पश्चिमेला कार्लाइल नावाचं छोटं गाव आहे. गावातच ८२ एकरांचं जत्रेचं मैदान आहे. १९७४ साली बिल मिलर आणि चिप मिलर (आडनाव एक, नातं नाही, नुसते मित्र) यांनी तिथे पहिला मेळा भरवला. नाव ठेवलं 'पोस्ट वॉर ७४'. कारण असं की जवळच हर्शीला जुन्या गाड्यांचा मोठा आणि मानाचा मेळा भरायचा, पण तिथे मान होता तो दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या गाड्यांना. या दोघांना आवडायच्या युद्धानंतरच्या गाड्या. म्हणजे त्या काळच्या हुच्चभ्रू शौकिनांच्या भाषेत 'नुसत्या वापरलेल्या गाड्या'. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. १९८१ मध्ये त्यांनी ते मैदानच विकत घेतलं. आता एप्रिलमध्ये 'स्प्रिंग कार्लाइल', पानगळीच्या सुमारास 'फॉल कार्लाइल', आणि अधेमधे फोर्ड, जीएम, क्रायसलर, ट्रक, परदेशी गाड्या असे वेगवेगळे मेळे. ऑगस्टमध्ये एक अख्खा मेळा फक्त कॉर्वेटांचा.

जाणारे बहुतेक जण काय करतात? चकाचक पॉलिश केलेल्या गाड्यांच्या रांगेतून फिरतात, फोटो काढतात, फनेल केक खातात आणि घरी येतात. मीही फोटो काढतो, नाही असं नाही. पण माझं मत असं की त्या चकाचक रांगा म्हणजे कार्लाइल नव्हेच. (काही मालक गाडीच्या पोटाखाली आरसे ठेवतात, खालचा एक्झॉस्टसुद्धा कसा लखलखतो ते दिसावं म्हणून. त्या गाड्या ट्रेलरवरून येतात आणि ट्रेलरवरूनच जातात. देव्हाऱ्यात ठेवलेल्या घड्याळासारख्या.) खरं कार्लाइल बघायचं तर स्प्रिंग किंवा फॉलला जावं आणि सरळ सुट्या भागांच्या गल्ल्यांत शिरावं. पुण्याचा रविवार-बुधवारचा जुना बाजार डोळ्यांसमोर आणा, आणि तो नजर पोचेल तिथपर्यंत पसरवा. ताडपत्र्या, घडीची टेबलं, उघड्या ट्रकांचे फाळके. त्यावर कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्यूटर कॅपा, टेललाइटच्या लाल काचा, खिडक्या खालीवर करायचे दांडे, स्पीडोमीटर, क्रोमच्या पट्ट्या, तेलकट बोटांचे ठसे असलेली सर्व्हिस मॅन्युअलं. अर्धं गंजलेलं. हातात एक चुरगाळलेला कागद घेऊन, मान खाली घालून, "अमुक सालचा, डाव्या बाजूचा" असं पुटपुटत फिरणारे लोक. यांच्या जिवावर त्या लखलखत्या रांगा उभ्या आहेत!

मागे एकदा मी स्टुडबेकरचे भाग विकणाऱ्या एका आजोबांच्या टेबलाशी बराच वेळ रेंगाळलो. स्टुडबेकर ही कंपनी आज कुणाला माहीतही नसेल. साउथ बेंडचा कारखाना डिसेंबर १९६३ मध्ये बंद झाला, कॅनडातला मार्च १९६६ मध्ये. संपलं. त्यानंतर त्या नावाची गाडी बनली नाही. मी आजोबांना विचारलं, "कंपनी बंद पडून इतकी वर्षं झाली, अजून भाग मिळतात?" ते म्हणाले, "भाग मिळतात रे, गिऱ्हाइकं म्हातारी होतायत ही अडचण आहे."

साठ वर्षांपूर्वी मेलेल्या कंपनीची गाडी आज चालते. कशी चालते? जिव्हाळ्यावर नाही. भाग मिळतो, तो बसतो की नाही ते आधी कळतं, आणि बसवायला कुणाची परवानगी लागत नाही. या तीन गोष्टींवर चालते. पैकी दुसरी गोष्ट आपल्या लोकांना फार आवडेल. 'हॉलंडर इंटरचेंज' नावाची सूची १९३४ पासून निघते. कुठल्या गाडीचा कुठला भाग आणखी कुठल्या कुठल्या गाड्यांना चालतो याची ही जाडजूड यादी. सॉफ्टवेअरवाल्यांनो, ही डिपेंडन्सी टेबलच की! आणि शेव्हरोलेने १९५५ मध्ये आणलेलं स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिन घ्या. गिअरबॉक्स ज्या तोंडाला जोडतात तिथल्या बोल्टांची मांडणी त्यांनी पुढे दशकानुदशकं तीच ठेवली. म्हणून एका पिढीतलं इंजिन दुसऱ्या पिढीतल्या गिअरबॉक्सला आजही गळ्यात गळा घालून भेटतं. इंटरफेस स्थिर ठेवा, आतलं काय बदलायचं ते बदला. हे आपण मुलाखतींत विचारतो, डेट्रॉइटच्या लोकांनी ते ओतीव लोखंडात करून दाखवलंय.

आता आजच्या गाडीकडे या.

गेल्या वर्षी माझ्या गाडीचा बाजूचा आरसा पार्किंगमध्ये कुणीतरी उडवला. (कुठल्या कंपनीची गाडी ते सांगत नाही, भांडण एका कंपनीशी नाहीये.) भंगारातल्या त्याच मॉडेलच्या गाडीचा आरसा स्वस्तात मिळाला. स्क्रू बसले, प्लग बसला, रंगसुद्धा जुळला. गाडी काही केल्या त्याला ओळखीना! आरशातल्या एवढ्याशा मॉड्यूलमध्ये जुन्या गाडीचा क्रमांक कोरलेला होता. डीलरकडे गेलो तर ते म्हणाले, प्रोग्रामिंग करावं लागेल, आणि त्याची किंमत आरशापेक्षा जास्त. धातू बसला, प्लॅस्टिक बसलं, तार बसली. अडवलं ते माझ्यासारख्याच कुणीतरी कुठल्यातरी स्प्रिंटमध्ये लिहिलेल्या चार ओळींनी.

ही झाली आरशाची रडकथा. कंपनीच मेली तर काय होतं तेही बघायला मिळालंय. फिस्करची 'ओशन' ही विजेवर चालणारी गाडी लोकांच्या हातात पडायला लागली २०२३ मध्ये, आणि जून २०२४ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. उरलेल्या तीन हजारांवर गाड्या ज्यांनी घाऊक घेतल्या त्यांचा सौदा कशावर अडला माहीत आहे? गाड्यांची माहिती फिस्करच्या सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर नेता येते की नाही, यावर. टायरवर नाही, बॅटरीवर नाही. मालकांनी संघटना काढली, आपापसात उत्तरं शोधली, आणि माझ्या मते हेच कार्लाइलचे खरे वारसदार. पण स्टुडबेकरच्या मालकाला कधी मेलेल्या कंपनीच्या सर्व्हरची मनधरणी करावी लागली नव्हती.

कंपनी जिवंत असली म्हणजेही सुटलो असं नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत थ्रीजी नेटवर्कं बंद झाली, आणि बऱ्याच धडधाकट गाड्यांमधली अपघातात आपोआप फोन लावणारी सोय मुकी झाली. त्याच वर्षी बीएमडब्ल्यूने काही देशांत गाडीत आधीच बसवलेल्या गरम सीटसाठी मासिक वर्गणी लावून पाहिली. लोकांनी इतकी हजेरी घेतली की २०२३ मध्ये तो विचार सोडून द्यावा लागला. म्हणजे ओरडल्याने फरक पडतो, एवढं तरी कळलं.

"म्हणजे जुनं ते सोनं?" नाही हो! ते रडगाणं मला गायचंच नाहीये. २००९ मध्ये इथल्या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची मालिबू समोरासमोर आदळवल्या होत्या. व्हिडिओ बघाच. बेल एअरमधला पुतळा कामातून गेला, मालिबूवाला पायाच्या दुखापतीवर निभावला. धुराबद्दल तर बोलायलाच नको, कार्लाइलला दुपारपर्यंत कपड्यांना पेट्रोलचा वास येतो. रोज ऑफिसला जायला मला माझी एअरबॅगवालीच गाडी हवी.

आणि दोष सॉफ्टवेअर असण्यातही नाही. ऐंशीच्या दशकातल्या कॉर्वेटमध्येही संगणक आहेच. पण त्यातली चिप काढता येते, वाचता येते, दुसरी लिहून बसवता येते, आणि हौशी लोकांनी आतले तक्ते केव्हाच उलगडून ठेवलेत. १९९६ पासून अमेरिकेतल्या पेट्रोलवर चालणाऱ्या प्रत्येक नव्या कारला निदानासाठी एकसारखा प्लग सक्तीचा आहे, तोही याच जातीचा शहाणपणा. फरक कोड असण्या-नसण्याचा नाही, कुलपाचा आहे.

यावर आमच्या क्षेत्रातले मित्र ताबडतोब म्हणतात, "अरे पण सिक्युरिटी! कुलूप नसेल तर गाड्या चोरीला जातील." मान्य. किल्लीला कुलूप लावा, इंजिन सुरू करण्याला लावा, ब्रेकला लावा. आरशाला कशाला? आरसा चोरून कुणी गाडी पळवतो का? सिक्युरिटी या शब्दाखाली धंद्याची किती कुलपं लपतात ते आपल्याला पक्कं ठाऊक असतं, कारण रिक्वायरमेंटच्या मीटिंगला आपणच बसलेलो असतो. २०१५ मध्ये जॉन डिअरने अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाला लिहून कळवलं होतं की ट्रॅक्टर घेणाऱ्याला त्यातलं सॉफ्टवेअर चालवण्याचा केवळ गर्भित परवाना मिळतो. लाखभर डॉलर मोजलेला शेतकरी आणि त्याला परवाना, तोही गर्भित! मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांना २०२० मध्ये विचारलं की गाडी बिनतारी पाठवते ती दुरुस्तीची माहिती मालकाला आणि त्याच्या गॅरेजवाल्याला मिळावी का, तर चारातल्या तिघांनी हो म्हटलं. गाडीवाल्या कंपन्या त्याच महिन्यात कोर्टात गेल्या. त्यांचा दावा फेटाळला गेला तो २०२५ मध्ये.

माझी मागणी जगावेगळी नाही. आपल्या कंपन्या एकमेकांकडून महत्त्वाचं सॉफ्टवेअर घेतात तेव्हा करारात एक कलम असतं, एस्क्रो. विकणारी कंपनी बुडाली किंवा तिने सपोर्ट सोडला तर तिऱ्हाइताकडे ठेवलेला सोर्स कोड घेणाऱ्याला मिळतो. आमच्याकडचे वकील या कलमाशिवाय सही करू देत नाहीत. मग सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्या कंपनीला जे संरक्षण मिळतं ते चाळीस हजार डॉलरची गाडी घेणाऱ्या माणसाला का नाही? गाडीचं मॉडेल बंद होऊन ठरावीक वर्षं झाली, किंवा कंपनीच गेली, की भाग जुळवण्याच्या किल्ल्या, निदानाची कागदपत्रं, सर्व्हरशी बोलायचा प्रोटोकॉल हे सगळं खुलं व्हावं. आजच्या आज मोफत द्या म्हणत नाही. तुम्हाला नको झाल्यावर तरी द्या.

"पण आजच्या गाड्या पुढे जपणार कोण? कॅमरी, सिव्हिक यांत जपण्यासारखं आहे काय?" हा शेवटचा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की त्यातलं शहाणपण मोजायचं मी सोडून दिलंय. १९७४ मध्ये त्या दोन मिलरांनाही हेच ऐकावं लागलं असणार. तेव्हा १९५५ ची शेव्हरोले अवघी एकोणीस वर्षांची होती, नुसती वापरलेली गाडी. आज तिच्यासाठी लोक पहाटे रांगा लावतात. आणि तेव्हा तिचा कार्ब्युरेटर टेबलावर मांडायला कुणाचा पासवर्ड लागत नव्हता.

पुढचं स्प्रिंग कार्लाइल एप्रिलमध्ये आहे. कुणाला यायचं असेल तर सांगा, माझ्या गाडीत तीन जागा आहेत. रोख पैसे आणा, चिखलाचे बूट घाला, आणि कॉर्वेटांचे फोटो काढायला ऑगस्टमध्ये वेगळे जा.