कोपीपुढची चांदणी



डिसेंबर उजाडला की दुकानांच्या काचांवर कापसाचा बर्फ चिकटतो आणि लाल डगला घातलेला सांताक्लॉज दारात उभा राहतो. तुमच्यापैकी कितीतरी जणांना वाटते, नाताळ म्हणजे हेच! पण मी वाढले ते खेडे तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. तिथे बर्फही नव्हता नि सांताही. आमचा नाताळ पक्का मराठी, बरं का!

फराळ तर थेट दिवाळीचाच. करंज्या, शंकरपाळे, चिवडा. नाताळची खास अशी एकच गोष्ट, नानकटाई. ती घरी होत नसे. रवा, मैदा, पिठीसाखर आणि डालडा डब्यांत भरून आजी तालुक्याच्या बेकरीत जायची आणि भाजून होईपर्यंत तिथून हलायची नाही. बेकरीवाला आपला डालडा काढून घेईल असा तिला दाट संशय! दिवाळीत ज्या घरांतून आमच्याकडे ताटे आलेली असत, त्या प्रत्येक घरी मग आमचे ताट जाई.

दारावरची चांदणी आम्ही घरीच करायचो. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद आणि मैद्याची खळ. पाच टोकांपैकी एक तरी वाकडे व्हायचेच.

चर्चमध्ये पेटी, तबला आणि टाळ. रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861–1919) हे नाव तुमच्या आई-बाबांनी कवितेच्या पुस्तकात वाचले असेल. टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, पण अभंग-ओवीची गोडी त्यांनी सोडली नाही. त्यांची भजने आम्ही टाळ कुटत म्हणायचो. मग मुलांचे नाटक. पांढरा फ्रॉक असेल तिला देवदूत करत. माझ्याकडे नव्हता, म्हणून मी दरवर्षी मेंढपाळ! शेजारच्या धनगरकाकांची घोंगडी अशी टोचायची की येशूबाळापुढे गुडघे टेकून मी खुशाल पाठ खाजवत असे. पूर्वेकडच्या मागी लोकांनी बाळाला सोने, ऊद आणि गंधरस दिला, अशी बायबलमधली गोष्ट आहे. सोने म्हणून आम्ही पितळी तांब्या न्यायचो. ऊद मात्र खराखुरा, आजीच्या डबीतला. लहान भावाला न्हाऊ घातल्यावर धुरी द्यायला ती ठेवायची ना, तोच.

आता तुम्ही विचाराल, या सगळ्यात आई-वडील कुठे होते? ते ऊसतोडीला जात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली माणसे गाव सोडतात, ती उन्हाळा लागला की परततात. कारखान्याचे गाळप नाताळसाठी थांबत नाही. त्यामुळे आम्ही तिघे भावंडे आजीजवळ. आई आणि अण्णा दूर, उसाच्या पाचटाच्या कोपीत. आजी नानकटाईचा एक डबा त्यांच्यासाठी बाजूला काढायची आणि तिकडे निघालेल्या कोणाच्या तरी हाती द्यायची. डबा पोहोचला की नाही, हे कित्येकदा मार्चमध्ये कळे!

2000 साली 24 डिसेंबरला रविवार होता. नाटक शनिवारी रात्रीच उरकले होते. आजीने काय करावे? पहाटे आम्हाला उठवले आणि म्हणाली, “चला रे पोरांनो. त्यांना येता येत नाही, आपल्याला तर येतंय ना!” दोन एस.ट्या बदलल्या. धाकट्याचे तिकीट वाचावे म्हणून तो सबंध वाट आजीच्या मांडीवर. चांदणी माझ्या डोक्यावर.

तळावर पोहोचलो तेव्हा अंधार पडत होता. आई चुलीपाशी होती. आम्हाला बघून ती हसली नाही की बोलली नाही. आधी तिने आम्हा तिघांना मोजल्यासारखे एकेकाच्या डोक्यावरून हात फिरवला.

चांदणी कुठे लावायची? पाचटाची कोपी म्हणजे पेटायला वेळ नाही. दिव्याचे काम नव्हते. अण्णांनी बैलगाडी उलाळली, वर गेलेल्या टोकाला चांदणी बांधली आणि आत चक्क बॅटरी ठेवली! आजूबाजूच्या कोप्यांतली माणसे बघायला आली. त्यांच्यात दोघे-तिघे माळकरी होते. त्यांनी तुकोबांचे अभंग म्हटले, आजीने टिळकांची भजने म्हटली. टाळ एकच जोडी होती, ती इकडून तिकडे फिरली. नानकटाई प्रत्येकी अर्धी आली. बैल वाढे खात होते. धाकटा त्यांच्याकडे बघून म्हणाला, “आज्जी, इथं नाटकासारखा खोटा गोठा करायलाच नको!”

नाताळच्या दिवशी आम्हाला जाग आली ती चारच्या सुमाराला, कोयत्यांच्या आवाजाने. सुट्टी कुठली? एक खाडा झाला तरी पैसे कापले जात. आईने डोक्याला फडके बांधले. बॅटरी तिला फडात लागणार होती, म्हणून अण्णांनी ती चांदणीतून काढून घेतली. मी उठून बसले तर आई म्हणाली, “झोप गं, उजाडायला वेळ आहे.” तिच्या पदराच्या टोकाला गाठ होती. आत तिच्या वाटणीची अर्धी नानकटाई होती. जाताना तिने ती सोडून माझ्या हातात दिली, आणि मी, मुलांनो, ती एकटीने अंधारात खाऊन टाकली.