सिक्वेन्सर चालू करणं सोपं, गल्ला सांभाळणं अवघड

बरेच जण विचारतात, "सर, इथेरियमवर आपला रोलअप काढला तर सिक्वेन्सर सेट करायला किती वेळ लागतो?" ओपी स्टॅकवर खरंच फार काम नाही. ओपी-नोडला 'सिक्वेन्सर एनेबल्ड' ट्रू करायचं, ब्लॉकवर सही करायला प्रायव्हेट की द्यायची, ओपी-गेथशी जेडब्ल्यूटी सिक्रेट जुळवायचं. नोड ब्लॉक बनवायला लागतो.

पण माझं मत ऐका. सिक्वेन्सर म्हणजे गल्ल्यावरचा माणूस. कोणाचा व्यवहार आधी, कोणाचा नंतर, ते तोच ठरवतो. तिथे एका वेळी एकच हवा. दोघांनी वेगवेगळी बिलबुकं फाडली तर हिशोब जुळेल का? म्हणून दुसरा नोड तयार ठेवा, पण 'सिक्वेन्सर स्टॉप्ड' ट्रू करूनच. पहिला थांबल्याची खात्री झाली, की मगच तो सुरू करा.

आणि राखीव नुसता नावाला नको. ५ ऑगस्ट २०२५ ला बेस नेटवर्क ३३ मिनिटं थांबलं. काम ज्या सिक्वेन्सरकडे गेलं, त्याची तयारीच पूर्ण नव्हती! माझ्या दुकानात मी बदली माणसाला आधी आठवडाभर शेजारी बसवतो, मगच चावी देतो.

तुम्हीही तेच करा. टेस्टनेटवर पहिला नोड मुद्दाम बंद पाडा. दुसऱ्याने ब्लॉक काढले, तरच मेननेटवर जा. लोकांचे पैसे अडकल्यावर शिकण्यात काय अर्थ?