पाचवीची परीक्षा येण्याआधी: प्रगतीचा हिशेब मुलाच्याच हातात द्या

महाराष्ट्रात पहिली ते चौथीपर्यंत कुणी नापास होत नाही. पाचवीत मात्र आता होतं. केंद्राने २०१९ साली शिक्षण हक्क कायद्यात बदल केला, राज्याने २०२३ मध्ये आपले नियम बदलले आणि २०२३-२४ या वर्षापासून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा सुरू झाली. पास व्हायला ३५ टक्के गुण लागतात. कमी पडले तर पुन्हा एकदा परीक्षा होते. त्यातही जमलं नाही तर मूल त्याच वर्गात राहतं.

यात नेमकं काय बदललं ते नीट समजून घ्यायला हवं. चार वर्षं मूल वरच्या वर्गात जात राहतं. प्रगतिपत्रकावर ‘ब-२’, ‘क-१’ अशा श्रेणी येतात. खाली ‘वाचनाचा सराव आवश्यक’ अशी एक ओळ असते. घरचे सही करून पत्रक परत पाठवतात. मग पाचवीच्या शेवटी अचानक कळतं की मुलाला धडा वाचता येतो, पण समजत नाही. वजाबाकी येते, पण हातचा घ्यायचा असला की गाडी अडते. अडचण तिसरीतली असते, कळते पाचवीत. आणि ती सगळ्यात शेवटी ज्याला कळते ते म्हणजे स्वतः ते मूल.

माझ्या मते आजच्या प्राथमिक शिक्षणातला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. मुलांची मोजणी भरपूर होते, पण तिचा निकाल मुलापर्यंत पोचत नाही.

मोजणी होते, पण वर जाते

राज्यातल्या सरकारी आणि अनुदानित शाळांत दरवर्षी नियतकालिक मूल्यांकन चाचण्या होतात. वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत चाचणी, नंतर संकलित मूल्यमापन एक आणि दोन. शिक्षक पेपर तपासतात, गुण ऑनलाइन भरतात. हे गुण तालुक्याला, जिल्ह्याला, पुण्याला पोचतात. नियोजनासाठी ते लागतातच, त्याबद्दल तक्रार नाही. पण आठ वर्षांच्या मुलीला त्यातून काय मिळालं? पुष्कळदा फक्त एक आकडा. ‘गणितात तुला बेरीज पक्की येते, शाब्दिक उदाहरणात तू प्रश्न पूर्ण न वाचता आकडे जोडतेस, पुढच्या दोन आठवड्यांत एवढंच सुधारू या’ असं तिला कुणी सांगितलं तरच ती चाचणी तिच्या कामाची.

विनाअनुदानित इंग्रजी शाळांत तर या चाचण्या नसतातच. आपल्या पट्ट्यात, म्हणजे उल्हासनगरच्या कॅम्पांपासून बदलापूरपर्यंत, अशा शाळांत जाणारी आपली मुलं कमी नाहीत. तिथे घरच्यांना फी, युनिट टेस्ट आणि टक्के एवढंच कळतं.

गावखेड्यातल्या मुलांना किती वाचता येतं ते ‘असर’ या सर्व्हेतून कळतं. २०२४ च्या असरनुसार देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या फक्त २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२२ मध्ये हा आकडा १६.३ होता. सुधारणा आहे, पण चारातली तीन मुलं अजून मागेच आहेत. हा सर्व्हे ग्रामीण भागाचा आहे. उल्हासनगर महापालिका, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषदांच्या हद्दीतली मुलं त्यात येत नाहीत. म्हणजे आपल्या गल्लीतलं मूल कुठे आहे हे आपल्यालाच पाहावं लागणार.

या तीन शहरांची वेगळी अडचण

आपल्याकडे घरं सारखी हलतात. भाडं परवडत नाही म्हणून कुटुंब मुंब्रा-कल्याणहून अंबरनाथला येतं, तिथून पुढे बदलापूर किंवा वांगणीला जातं. शाळा बदलते, कधी माध्यमही बदलतं. दुसरीपर्यंत उर्दूतून शिकलेलं मूल तिसरीत इंग्रजी किंवा मराठी शाळेत बसतं. उजवीकडून डावीकडे लिहिणारा हात डावीकडून उजवीकडे लिहू लागतो. नव्या बाईंना या मुलाला काय येतं ते माहीत नसतं आणि दाखल्यावर ते लिहिलेलं नसतं. अशा वेळी जे मूल स्वतः सांगू शकतं की ‘मला उर्दूत गोष्ट वाचता येते, मराठीत जोडाक्षर आलं की अडखळते, पाढे दहापर्यंत पक्के आहेत,’ त्याचं वर्ष वाचतं. बाकीचं मूल मागच्या बाकावर गप्प बसतं आणि ‘कच्चं’ ठरतं.

दुसरी गोष्ट म्हणजे घरच्यांचा वेळ. वडील जीन्सच्या कारखान्यात किंवा एमआयडीसीत शिफ्टला, आई घरी पीसवर काम करत. रोज दोन तास अभ्यासाला बसवा, हा सल्ला या घरांना देऊन उपयोग नाही. पण पीसवर काम करणाऱ्या घराला एक गोष्ट पक्की माहीत असते: काल किती नग झाले, आज किती, आठवड्याला किती व्हायला हवेत. हाच हिशेब मुलाच्या वहीत उतरवायचा आहे. फक्त तो मुलाने स्वतः लिहायचा.

मकतबात हे आधीच चालतं

हिफ्ज करणाऱ्या कुठल्याही मुलाला विचारून बघा, तू कुठवर आलास? तो लगेच सांगतो. सबक म्हणजे आजचा नवा भाग, सबकी म्हणजे गेल्या काही दिवसांत पाठ केलेला, मंजिल म्हणजे जुना, फिरून फिरून म्हणायचा. आज काय करायचं, काल काय कच्चं राहिलं आणि जुनं विसरू नये म्हणून काय म्हणायचं, हे नऊ वर्षांच्या मुलाला तोंडपाठ असतं. उस्ताद ऐकतात, चूक तिथल्या तिथे सांगतात. शेजारच्या मुलाचा कितवा पारा चालू आहे यावर त्याचा आजचा सबक ठरत नाही.

तेच मूल शाळेच्या मराठीबद्दल विचारलं तर ‘ठीक चाललंय’ म्हणतं. मूल एकच, डोकं एकच. फरक पद्धतीचा आहे. एका ठिकाणी उद्दिष्ट छोटं आहे, रोजचं आहे, मुलाला माहीत आहे. दुसऱ्या ठिकाणी ते ‘चांगला अभ्यास कर’ एवढंच आहे. शाळेत नुसतं पाठांतर पुरत नाही, समज हवी, हे खरं. पण नवं, अलीकडचं आणि जुनं अशी विभागणी पाढ्यांना, जोडाक्षरांना, शब्दार्थांनाही लागू पडते.

छोटं उद्दिष्ट का चालतं

यावर जुना आणि प्रसिद्ध प्रयोग आहे. अल्बर्ट बँडुरा आणि डेल शुंक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी तो १९८१ साली प्रसिद्ध केला. गणितात मागे पडलेली सात ते दहा वर्षांची मुलं घेतली. वजाबाकीची ४२ पानं सात बैठकांत करायची होती. काही मुलांना सांगितलं, प्रत्येक बैठकीत सहा पानं करा. काहींना सांगितलं, शेवटपर्यंत सगळी ४२ पूर्ण करा. काहींना काहीच उद्दिष्ट दिलं नाही. रोज सहा पानांचं उद्दिष्ट असलेली मुलं सगळ्यात पुढे गेली आणि त्यांना गणित आवडूही लागलं. ४२ पानांचं लांबचं उद्दिष्ट मिळालेल्यांना त्याचा काही फायदा दिसला नाही.

आपण मुलांना नेहमी ४२ पानांचं उद्दिष्ट देतो. ‘डॉक्टर बनायचंय ना?’ ‘पहिला नंबर आण.’ अरमान मोठे असावेत, त्यात गैर काही नाही. पण तिसरीतल्या मुलाला डॉक्टर व्हायला आज संध्याकाळी काय करायचं ते कळत नाही. सातचा पाढा शुक्रवारपर्यंत, हे कळतं.

दुसरा अभ्यास इस्रायलमधला, रूथ बटलर यांचा, १९८८ चा. ज्या मुलांना फक्त शेरा मिळाला, काय जमलं आणि काय सुधारायचं, त्यांची पुढची कामगिरी आणि गोडी वाढली. ज्यांना शेऱ्याबरोबर गुणही मिळाले त्यांच्यात तो फायदा दिसला नाही. मुलांनी गुण पाहिले आणि शेरा राहून गेला. प्रगतिपत्रक घरी आलं की आपणही तेच करतो.

आपल्या देशात शाळांनी हे करून पाहिलंय. चेन्नई महापालिकेच्या शाळांत २००३ पासून कृतीवर आधारित शिक्षण सुरू झालं आणि २००७ मध्ये ते तमिळनाडूभर गेलं. त्यात प्रत्येक विषयाची एक शिडी असते. मूल आपण कोणत्या पायरीवर आहोत ते स्वतः पाहतं, पुढचं कार्ड स्वतः काढतं. त्या महापालिकेच्या शाळाच होत्या, श्रीमंतांच्या नव्हेत.

सरकारी कागदावर मुलाचं पान आहे

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने, २०२० मध्ये, प्रगतिपत्रकात मुलाचं स्वतःचं मूल्यमापन आणि सोबत्यांनी केलेलं मूल्यमापन असावं असं म्हटलं. एनसीईआरटीच्या ‘परख’ या केंद्राने त्यानुसार समग्र प्रगतिपत्रकाचा नमुना तयार केला. राज्यात नवा अभ्यासक्रम २०२५-२६ पासून पहिलीला लागू झाला आहे आणि टप्प्याटप्प्याने वर सरकणार आहे. म्हणजे ‘मला काय जमलं, काय अवघड गेलं’ हे मुलाने भरायचं पान हळूहळू घरोघर येईल.

ते पान खरं भरलं जाईल का, हा प्रश्न आहे. चाळीस-पन्नास मुलांचा वर्ग, निवडणुकीचं काम, ऑनलाइन नोंदी, उर्दू शाळांत रिक्त जागा. शिक्षकाला उसंत नसेल तर मुलाचं पान शिक्षकच आदल्या रात्री भरणार आणि सगळ्यांच्या कागदावर एकसारखे हसरे चेहरे येणार. शिक्षकांवर टीका करून हे थांबणार नाही. पालकांनी ते पान वाचायला मागितलं तर थांबेल.

घरी काय करता येईल

निपुण भारत योजनेची उद्दिष्टं पालकांना सोप्या मोजपट्टीसारखी वापरता येतात. पहिलीच्या शेवटी चार-पाच सोप्या शब्दांची वाक्यं वाचणं आणि ९९ पर्यंतच्या संख्या. दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचणं आणि ९९९ पर्यंतच्या संख्या. तिसरीच्या शेवटी मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचणं आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या. समजून, हा शब्द विसरू नका. भरभर वाचून अर्थ सांगता आला नाही तर ते वाचन नाही.

एक साधी वही घ्या. पानावर तीन रकाने: आज मला काय येतं, पुढच्या शुक्रवारपर्यंत काय यायला हवं, आलं की नाही. एका वेळी एकच उद्दिष्ट. लिहिणार मूल, आणि घरची जी भाषा असेल त्यात. वाचनासाठी आईला मराठी लिपी यायला हवी असं नाही. तिने मोबाइलवर एक मिनिट लावायचं, मूल वाचणार, शब्द मूलच मोजणार, आणि मग आईला गोष्ट आपल्या बोलीत सांगणार. सांगता आली तर समजलं. पाच मिनिटांचं काम, आठवड्यातून दोनदा.

काही गोष्टी टाळाव्यात. भावंडांच्या वह्या शेजारी ठेवून तुलना करू नका. उद्दिष्ट हुकलं म्हणून मोबाइल काढून घेऊ नका, नाहीतर मूल खोटा आकडा लिहायला शिकेल. सलग दोनदा हुकलं तर उद्दिष्ट मोठं होतं असं समजा आणि अर्धं करा. वर्गात नावानिशी भिंतीवर तक्ते लावण्याबद्दलही मला शंका आहे. मागे असलेलं मूल त्या भिंतीकडे बघणंच सोडतं.

शाळेला काय विचाराल

ऑगस्ट २०२४ मधल्या घटनेनंतर बदलापूरचे पालक मुलांच्या सुरक्षिततेबद्दल शाळांना उघड प्रश्न विचारू लागले. ते विचारत राहायलाच हवेत. तशाच हक्काने शिकण्याबद्दलही विचारता येतं. शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात ७५ टक्के सदस्य पालक आणि एकूण निम्म्या महिला असाव्या लागतात. विनाअनुदानित शाळेत पालक-शिक्षक सभा असते. पुढच्या बैठकीत तीन गोष्टी मागा. चाचणीचा तपासलेला पेपर मुलाला दाखवा. श्रेणीबरोबर, मुलाला नेमकं काय येतं आणि पुढे काय शिकायचं ते एका ओळीत सांगा. आणि मुलाने स्वतः लिहिलेलं पान आम्हाला वाचू द्या.

चौथीत शिकणारं मूल घरी असेल तर हे या महिन्यातच सुरू करा. पाचवीच्या परीक्षेला मग वर्ष-दीड वर्ष हाताशी राहतं, आणि तिसरीतली राहिलेली वजाबाकी भरून काढायला तेवढा वेळ पुरतो.