वाटोळं कुणाचं?



आमच्या तालुक्याच्या कॉलेजातल्या एका कबड्डीपटूची मी चाहती. त्याची चढाई सुरू झाली की ओरडून माझा घसा बसायचा. यंदा त्याच्याच वर्गातल्या मुलीनं त्याच्याविरुद्ध छेडछाडीची तक्रार केली. ऐकताच मी म्हणाले, "अरेरे, पोराचं वाटोळं झालं!" इतकी वर्षं बायकांच्या प्रश्नांवर काम करते, पण मुलगी कशी आहे हे मी नंतर विचारलं.

रात्री अमेरिकेतला असाच एक खेळाडू आठवला. स्टॅनफर्ड विद्यापीठाचा जलतरणपटू ब्रॉक टर्नर. जानेवारी २०१५ मध्ये बेशुद्ध मुलीवर अत्याचार करताना सायकलवरून जाणाऱ्या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी त्याला पकडलं. बातम्यांत त्याच्या शर्यतींतल्या वेळाही छापून आल्या! २०१६ मध्ये तीन गुन्हे सिद्ध झाले. शिक्षा सहा महिने, सुटका तीन महिन्यांत. तुरुंगाचा त्याच्यावर फार वाईट परिणाम होईल, असं न्यायाधीशांना वाटलं. (२०१८ मध्ये मतदारांनी त्यांना पदावरून काढलं.) ती मुलगी मात्र कागदोपत्री 'एमिली डो'. २०१९ मध्ये शनेल मिलर हे स्वतःचं नाव तिनं जाहीर केलं, तेव्हा ती लिहिते, चित्रं काढते हे लोकांना कळलं.

चाहतीचं दुःख खोटं नसतं. माझंही नाही. पण ते आधी कुणासाठी जागं झालं?

आमच्या इथली मुलगी कॉलेजला यायची बंद झाली आहे, परीक्षा तोंडावर आहे. उद्या आम्ही दोघी तिच्या घरी जातोय. २०१३ च्या कायद्याप्रमाणे कॉलेजात तक्रार समिती हवी. ती आहे का, प्राचार्यांना तेही विचारायचं आहे.